बीपी वाढण्याची कारणं : ग्रामीण विदर्भ

मोठ्या माणसाचा रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 140/90 किंवा त्याच्यावर भरत असेल तर बीपी हाय आहे असं धरतात, वरचा किंवा खालचा कुठलाही एक आकडा वाढला तरी पुरे. गावात अजूनही समज असा की हा बसून खाणाऱ्या जाड्या माणसाचा आजार, दिवसभर वावरात राबणाऱ्याला काय होते. हे साफ चूक आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 वर्षांवरच्या पुरुषांपैकी 24 टक्के आणि बायांपैकी 21 टक्के जणांचा बीपी वाढलेला होता नाहीतर गोळी सुरू होती.

वय वाढलं की रक्तवाहिन्या कडक होतात आणि वरचा आकडा चढत जातो. तरुणपणी पुरुषांत जास्त दिसते, पाळी गेल्यावर बायाही बरोबरीला येतात. आईबापाला असेल तर लेकरांनी लवकर तपासायला लागावं.

मिठाचं मात्र नीट समजून घ्या. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडं उन्हाळ्यात भाजी महाग झाली की भाकरीसोबत ठेचा, लोणचं, पापड, कुरोड्या यावरच जेवण निघते, म्हणजे मीठ वाढते आणि भाजी-फळातलं पोटॅशियम, जे बीपी खाली ठेवायला मदत करते, तेच कमी पडते. मीठ अंगात पाणी धरून ठेवते, रक्ताचं प्रमाण वाढते, वाहिन्यांवर जोर येतो.

दुसरा खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडं बायाही खातात. राज्यात गुटखाबंदी 2012 मध्ये आली पण खर्रा पानठेल्यावर मिळतोच. निकोटिननं वाहिन्या आवळतात, ठोके वाढतात, आणि आधीच बीपी असेल तर हार्ट अटॅक, लकव्याचा धोका आणखी वाढतो. दारूचंही तसंच, रोजची असेल तर बीपी चढतोच, मग ती मोहाची असो का दुकानातली.

झोपेकडं कोणाचं लक्ष नसते. रानडुक्कर, रोही पीक खातात म्हणून रात्रभर जागल, नाहीतर पंपाची लाईन रात्रीची म्हणून ओलिताला जायचं, आणि सकाळी परत कामाला. महिनोन्महिने कमी झोप हे बीपी वाढण्याचं एक कारण आहे, आणि जागं राहायला परत खर्राच लागतो. कर्जाचं, नापिकीचं टेन्शनही झोप आणि व्यसन याच वाटेनं अंगाला लागते.

वजन, पोटाचा घेर हेही आहेच, मोटरसायकल आल्यापासून चालणं कमी झालं. पण बारीक माणसानं निर्धास्त राहू नये, कारण बीपीचा त्रास बहुतेकांना जाणवतच नाही. तिशीनंतर आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडून मोजून घ्यावा. मोजण्याआधी अर्धा तास खर्रा, चहा नको, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीला, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो. थंडीत तो थोडा वर आणि उन्हाळ्यात खाली असतो, म्हणून मे महिन्यात कमी भरला तरी मनानं गोळी बंद करू नये, आधी डॉक्टरला विचारावं.