मे महिन्यात पुस्तक मिटलं म्हणून वर्ष पुसलं जात नाही

सांगलीत वार्षिक परीक्षा संपली की विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत एकच वाक्य कानावर येतं : ‘सुट्टीत अभ्यास घेतला नाही, तर पोरं सगळं विसरतात.’ सगळं विसरत नाहीत.

थोडं विसरतात, हे खरं. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उन्हाळी सुट्टीत मुलं किती विसरतात यावरच्या ३९ जुन्या संशोधनांचा आढावा घेतला, तेव्हा सरासरी घसरण साधारण एक महिन्याच्या शिकण्याएवढी निघाली. जास्त फटका आकडेमोडीला आणि स्पेलिंगला बसला होता. नंतरच्या काही संशोधकांनी तर एवढ्या घसरणीवरही शंका घेतली. शिवाय विसरलेलं दुसऱ्यांदा शिकायला कमी वेळ लागतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं. दोन महिन्यांत बुजलेले पाढे उजळणी केली की लवकर परत येतात.

म्हणून सकाळी तीन तास क्लास आणि दुपारी धडे उतरवून काढायची वही, हा जाच मला मुळीच पटत नाही. आकडेमोड मात्र हातात राहू द्या. आजोबांसोबत मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघायला गेलेल्या पोरीला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, वाचू द्या : किती क्विंटल, काय दर, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती? यात गुणाकार, वजाबाकी, दशांश सगळं येतं. वाचायला पुस्तक तिचं तिला निवडू द्या, आपण फक्त वाचनालयापर्यंत सोबत जायचं. आणि संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर वही नको.