जेसन डेटावरील केस-इन्सेन्सिटिव्ह इंडेक्स

रिलेशनल डेटाबेसच्या कॉलममध्ये साठवलेल्या जेसनमधून (की आणि मूल्य अशा जोड्यांत लिहिलेला डेटा), रोमन लिपीतल्या लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न मानता झटपट शोध घेता यावा म्हणून केलेला इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची वेगळी सूची. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जेसन हा डेटाटाइप २०१२ साली (आवृत्ती ९.२) आला, तर इंडेक्सला सोयीचा जेसनबी (जेसनचे बायनरी रूप) २०१४ साली (९.४).

मुंबईतल्या ग्राहकांचे पत्ते पाहिले की गरज लगेच कळते. रोमन लिपीत ‘दादर’ लिहिताना कोणी सगळी अक्षरे कॅपिटल ठेवतो, कोणी फक्त पहिले, कोणी एकही नाही. डेटाबेसच्या लेखी ही तीन निरनिराळी मूल्ये. जेसनबीवरचा नेहमीचा जिन इंडेक्स (आतल्या प्रत्येक की-मूल्याची नोंद ठेवणारा) इथे कामाचा नाही, कारण तो मूल्ये आहेत तशीच नोंदवतो.

रूढ उपाय म्हणजे एक्स्प्रेशन इंडेक्स, म्हणजे कॉलमऐवजी त्यावरून काढलेल्या मूल्यावर केलेला इंडेक्स. हव्या त्या कीचे मूल्य मजकूर म्हणून बाहेर काढायचे, त्याला सगळी अक्षरे लहान करणारे लोअर फंक्शन लावायचे आणि त्यावर बी-ट्री (क्रमवार लावलेला नेहमीचा इंडेक्स) बांधायची: लोअर(पत्ता->>'स्थानक'). मूळ जेसनला धक्का लागत नाही. मात्र क्वेरीतही नेमके हेच एक्स्प्रेशन हवे. तिथे लोअरऐवजी आयलाइक (केस न पाहता तुलना करणारा ऑपरेटर) वापरले, तर हा इंडेक्स बाजूला पडतो आणि अख्खे टेबल वाचले जाते. उत्तर बरोबरच येत असल्याने चूक महिनोन्‌महिने लपून राहते. म्हणून टेबल खऱ्या आकाराचे असताना एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहणे अत्यावश्यक. असाच इंडेक्स ईमेलच्या कीवर युनिक केला की एकच ईमेल दोनदा नोंदवता येत नाही. शब्दाच्या मधला तुकडा शोधायचा असेल, तर ट्रायग्रॅम (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांचा) इंडेक्स लागतो.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये (५.७ पासून) जेसनमधल्या स्ट्रिंगची तुलना केस पाहूनच होते. तिथे जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरणारा) करून त्याला केस न पाहणारे कोलेशन (तुलनेचे नियम) द्यावे व त्यावर इंडेक्स करावा.

देवनागरीत कॅपिटल अक्षरेच नाहीत, त्यामुळे लोअरने काही बदलत नाही. पण ‘गोऱ्हे’ या आडनावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठू शकतो: एकसंध, किंवा ‘र’ अधिक नुक्ता (खालचा टिंब). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र जुळत नाहीत. पोस्टग्रेएसक्यूएलच्या आवृत्ती १३ पासूनचे नॉर्मलाइझ फंक्शन (दोन्ही प्रकार एकाच रूपात आणणारे) इंडेक्सच्या आणि क्वेरीच्या एक्स्प्रेशनमध्ये घातले की हा घोळ मिटतो. मराठी नावे साठवणाऱ्याने ते पहिल्याच दिवशी घालावे. ‘शीव’ आणि ‘सायन’ एकच आहेत हे कोणताही इंडेक्स ओळखत नाही. त्यासाठी पर्यायी नावांचे वेगळे टेबल ठेवावे लागते.