परवान्याची बंदूक आणि घरातली मारहाण

निवडणूक लागली की नागपुरातही परवानाधारकांना हत्यारं ठाण्यात जमा करायच्या नोटिसा जातात. त्यांनी काही केलंय म्हणून नव्हे, कोणी काही करू नये म्हणून. घरात बायकोला मारणाऱ्याच्या बंदुकीबाबत मात्र कायदा इतका तत्पर कधीच नव्हता.

याचं मूळ जुनं आहे. 1878चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. इंग्रजांना धास्ती बंडाची होती. 1959चा कायदा स्वतंत्र भारताचा, तरी त्याचीही नजर रस्त्यावरच राहिली. कलम 9 नुसार हिंसेच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्याला ती संपल्यावर पाच वर्षं हत्यार बाळगता येत नाही. पण आधी शिक्षा तर व्हायला हवी! नवरा-सासरच्यांच्या छळाविरुद्धचं कलम 498अ 1983 मध्ये आलं, आणि त्यातले खटले किती रेंगाळतात हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा.

2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं वेगळी वाट धरली. शिक्षेची वाट न पाहता दंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतात. 2006च्या नियमांत तर, दंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितल्यास, हिंसेत वापरलेलं हत्यार पोलिसांच्या मदतीनं जप्त करण्याचं काम संरक्षण अधिकाऱ्याकडे दिलंय. हा नियम फारसा कुणाला आठवत नाही. शिवाय ‘वापरलेलं’ म्हणजे काय? भांडण पेटल्यावर नवऱ्यानं रिव्हॉल्व्हर नुसतं टेबलावर आणून ठेवलं, तर?

आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना आणि हद्दीच्या ठाण्याला मिळते. परवाना देणारा अधिकारी त्या यादीत नाही. शहरात तो पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. शस्त्र कायद्याच्या कलम 17 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार त्यांच्याकडे आहे, पण आधी कोणीतरी कळवायला हवं.

अमेरिकेत बंदुका उदंड, तरी तिथल्या संघीय कायद्यानं 1994 मध्ये असा संरक्षण आदेश लागू असलेल्याला बंदूक बाळगायला बंदी केली. 2024 मध्ये रहीमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती 8 विरुद्ध 1 मतांनी उचलून धरली.

मध्य प्रदेशातून येणाऱ्या देशी कट्ट्याला यातलं काहीच लागू नाही. तो पकडावाच लागतो. परवान्याचं हत्यार निदान नूतनीकरणाच्या वेळी तरी नजरेखाली येतं. 2019च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली.