पोपट उंच बसला म्हणून चावत नाही

पोपटाला आपल्या डोक्यापेक्षा उंच बसू दिलं की तो स्वतःला घराचा मालक समजतो आणि चावू लागतो, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. त्यापायी त्याला मुद्दाम जमिनीवर ठेवून ‘जागा दाखवली’ जाते. हे चूक आहे, आणि पक्ष्यावर अन्यायही. उंचावर त्याला सुरक्षित वाटतं, एवढंच. खाली ठेवलेला पोपट घाबरतो, आणि घाबरलेला पोपट चावतो.

खांद्याची गोष्ट वेगळी. तिथे चोच चेहऱ्याजवळ असते आणि त्याचे इशारे दिसत नाहीत. डोळ्यातली बाहुली झरझर लहानमोठी होणं, शेपटी पसरणं, मानेवरची पिसं उभी राहणं, अंग ताठ होणं: यातलं काही दिसलं की हात पुढे नेऊ नका.

मर्यादा शिकवायची ती काठीवर. काठी पायांच्या किंचित वर, पोटाजवळ धरा, ‘ये’ म्हणा, चढताक्षणी सूर्यफुलाची एक बी द्या. नाही चढला तर मागे व्हा, थोड्या वेळाने पुन्हा बोलवा. चावलाच तर ओरडू नका; त्या गोंधळाची त्याला मजा वाटू शकते. हात झटकलात तर त्याचा तोल जातो आणि हातावरचा विश्वास उडतो. शांतपणे दांडीवर उतरवा, काही सेकंद पाठ फिरवा. चोचीवर टिचकी कधीच नको.

कुरवाळा फक्त डोकं आणि मान. पाठीवर, पंखांखाली हात फिरवल्याने प्रजननाची भावना चाळवते, मग तो आक्रमक होतो. घरट्यासारखी अंधारी खोकी काढा, रात्री 10 ते 12 तास झोप मिळू द्या. स्वभाव अचानक बदलला तर आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. कुठेतरी दुखत असेल.