गारी : कसावाचा रवा आणि त्यामागची यंत्रे

गारी म्हणजे कसावा हा कंद किसून, आंबवून, पिळून आणि भाजून केलेला कोरडा, रवाळ खाद्यपदार्थ. नायजेरिया, घाना, बेनिन, टोगो या पश्चिम आफ्रिकी देशांत तो रोजच्या जेवणात असतो. आपला साबुदाणा याच कंदाच्या स्टार्चचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात कसावा ब्राझीलहून आफ्रिकेत नेला. गारीचा प्रसार मात्र प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात, ब्राझीलहून परतलेल्या मुक्त गुलामांमुळे झाला, असे मानतात.

कसावा हलक्या जमिनीतही येतो आणि तयार झाल्यावर कित्येक महिने मातीतच ठेवता येतो. उपटला की मात्र दोन-तीन दिवसांत काळा पडून नासू लागतो. निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे, त्यामुळे कच्च्या रस्त्याने दूरच्या बाजारात नेणे परवडत नाही. शिवाय कडू वाणांत लिनामरिन हे सायनाइडजनक द्रव्य भरपूर असते. नीट प्रक्रिया न केलेला कडू कसावा दिवसेंदिवस खाल्ला, आणि आहारात प्रथिने कमी असली, तर ‘कोंझो’ हा पाय कायमचे लुळे करणारा रोग होतो. १९८१ च्या दुष्काळात मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात त्याची मोठी साथ आली होती.

गारीच्या कृतीत या अडचणींवर एकदमच तोडगा निघतो. सोललेला कंद किसला की पेशी फुटतात, लिनामरिनचा कंदातल्याच विकराशी (एन्झाइमशी) संबंध येतो आणि हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटू लागतो. कीस गोण्यांत भरून काही दिवस आंबवतात व दाबून पाणी काढतात. मग तो चाळून, पसरट कढईत सतत हलवत भाजतात. उरलेले बरेचसे विष पिळताना आणि भाजताना निघून जाते. काही भागांत भाजताना पामतेल घालतात, त्याने गारी पिवळी होते. साधारण चार-पाच किलो कंदांची एक किलो गारी होते, आणि ती कोरडी ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते. गरम पाण्यात घोटली की ‘एबा’ हा घट्ट गोळा होतो, तो रस्स्याबरोबर खातात. घाईच्या वेळी थंड पाणी, साखर आणि शेंगदाणे घातले तरी भागते.

या कामात सर्वांत जीवघेणा टप्पा किसण्याचा. भोके पाडलेल्या पत्र्यावर बायका हाताने कंद किसत, बोटे सोलून निघत. १९३० च्या दशकात फ्रेंचांनी आजच्या बेनिनमध्ये यांत्रिक किसणी आणली, आणि पुढे स्थानिक वेल्डर-मेकॅनिकांनी भंगार लोखंड व जुनी इंजिने वापरून ती आपल्या हिशोबाने घडवली. लाकडी रूळ, त्यावर खिळ्याने भोके पाडलेला पत्रा आणि एक लहान इंजिन, एवढाच तिचा पसारा. पिळण्यासाठी गोण्यांवर दगड रचत. तिथे आता स्क्रू प्रेस किंवा ट्रकचा जॅक आला आहे. गावातल्या पिठाच्या गिरणीसारखेच हे चालते: बाई आपले कंद घेऊन येते, पैसे मोजते, कीस घेऊन जाते.

नायजेरियातील इबादान शहराच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने विकसित केलेले रोगप्रतिकारक, जास्त उत्पन्नाचे वाण १९७० च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांकडे पोहोचू लागले. कसावाचे पीक वाढल्याचे श्रेय बहुधा त्यांनाच दिले जाते. पण किसणी नसती तर ते वाढीव पीक हाताने संपवणार कोण? नायजेरियात कसावा पोटापुरते पीक न राहता नगदी पीक झाले, त्यात या दोन्ही गोष्टींचा वाटा आहे. याउलट घानात सरकारी पुढाकाराने बावजियासे येथे उभारलेला मोठा स्टार्च कारखाना कंदांच्या अपुऱ्या पुरवठ्यामुळे अडखळत राहिला.

फायदा सगळ्यांना सारखा झाला, असे मात्र नाही. किसणीचे मालक बहुतेक पुरुष. सोलणे, चाळणे, भाजणे बायकांकडेच. कंद वेडेवाकडे असल्याने सोलण्याचे स्वस्त आणि भरवशाचे यंत्र गावपातळीवर अजून रुळलेले नाही. त्यामुळे किसणी वेगवान झाल्यावर काम सोलण्यापाशी तुंबते. यंत्र महिला गटाच्या मालकीचे असेल तर भाड्याचा पैसा गटातच राहतो, पण इंजिन बिघडले की दुरुस्तीची रक्कम आणि मेकॅनिक दोन्ही हाताशी लागतात. भाजण्याच्या जागी चुलीचा धूर असतो. धुराडे लावलेली चूल हा त्यावरचा साधा उपाय.

पिळलेल्या पाण्यात सायनाइड असते. ते ओढ्यात सोडले तर मासे मरतात. सालींचे ढीग गारी करण्याच्या केंद्राबाहेर कुजत पडत. इबादानमध्ये पशुधन संशोधकांनी त्याच किसण्या आणि प्रेस वापरून साली वाळवण्याची व त्यांचे पशुखाद्य करण्याची पद्धत बसवली आहे.