टॅब की लॅपटॉप, हे सुरू कुठून झालं

पेनने स्क्रीनवर लिहायचे विंडोजवाले टॅबलेट २००२ पासूनच होते, पण वजनदार आणि महाग, त्यामुळे ते बाजूलाच राहिले. २०१० ला अ‍ॅपलचा आयपॅड आला तो तर स्टेजवर सोफ्याची खुर्ची मांडून, आरामात बसून दाखवला होता. मग २०१२ ला मायक्रोसॉफ्टचा टॅबलेट, सरफेस आरटी, दिसायला विंडोज पण जुने प्रोग्राम त्यावर चालतच नाहीत, पुढच्या वर्षी कंपनीला ९० कोटी डॉलरचा फटका हिशोबात दाखवावा लागला.

खरा घोळ घातला तो 'प्रो' या शब्दाने. नोव्हेंबर २०१५, १२.९ इंची आयपॅड प्रो, पेन्सिल वेगळी घ्या, कीबोर्ड वेगळा घ्या. आता प्रो म्हणजे नक्की कुणाचा धंदा? साइटवर उभं राहून प्लॅनवर लाल खुणा करणारा आर्किटेक्ट असेल, तर हो, त्याला लॅपटॉप उघडायला जागाच कुठे असते. पण अकाउंट्सवाल्याचं काय? माउसला धड कर्सर मिळाला मार्च २०२० मध्ये, म्हणजे सव्वाचार वर्षं हा 'प्रो' बोटावरच चालला!

आणि मग २०२१. मॅकबुक एअर या लॅपटॉपमधली एम१ चिप जशीच्या तशी आयपॅड प्रोमध्ये घातली, पण मॅकची सिस्टिम काही दिली नाही. टचचं मशीन वेगळं, माउसचं वेगळं, असं त्यावर अ‍ॅपलचं म्हणणं. मला विचाराल तर दोन्ही वस्तू विकायच्या असल्या की असंच उत्तर सुचतं. आयपॅडवर अ‍ॅपच्या खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करायची सोय २०२५ ला आली, तोवर सॅमसंगवाल्यांकडे टॅब एस४ पासून, म्हणजे २०१८ पासून, डेस्कटॉपसारखा मोड होता.

आपल्याकडे घोडं अडतं ते भलतीकडेच. दादरला मित्राच्या सीए ऑफिसात रिटर्न भरताना डीएससीचं टोकन, म्हणजे डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा तुकडा, अ‍ॅडाप्टर लावून आयपॅडला जोडून बघितलं, टोकनचा दिवा लागला पण पुढे काहीच नाही, कारण त्याचा ड्रायव्हर आणि सही करायचं सॉफ्टवेअर दोन्ही कॉम्प्युटरसाठीच बनलेलं. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचंही तेच, विंडोजशिवाय ते इन्स्टॉल होत नाही. त्यामुळे तो मित्र विरार लोकलमध्ये एका हातात टॅब धरून बॅलन्स शीट वाचत येतो आणि ऑफिसात एक जुना लॅपटॉप त्या टोकनसाठी चार्जिंगला लावलेलाच असतो.