ओवी जात्यावरची अन् अभंग भजनातला? असं नाही हो

आमच्याकडं परभणी-बीड साइडला दहावीच्या पोरांना विचारा, ओवी अन् अभंगात फरक काय, तर ठरलेलं उत्तर येतं, ओवी बायका जात्यावर म्हणतात अन् अभंग देवाचा असतो. हे वर्षानुवर्षं नोट्समधून फिरतंय पण चुकीचंय. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा विवेकसिंधू ओवीतच आहे की, पैठणच्या नाथांचं भागवतपण ओवीतच, अन् त्याच नाथांनी अभंगही लिहिले, मग विषयावरून कसं ओळखणार?

खरा फरक बांधणीत आहे. ग्रंथातल्या ओवीत चार चरण, पहिल्या तिघांना यमक, चौथा बहुतेक आखूड अन् बिनयमकाचा, अक्षरं किती ते फिक्स नाही. जात्यावरची ओवी तर अजून मोकळी. मोठ्या अभंगात मात्र हिशोब असतो, 6, 6, 6 अन् शेवटी 4 अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. मी पोरांसाठी ही ओळ जुळवलीय, बोटांवर मोजून बघा, जोडाक्षर एकच धरायचं:

गोदेच्या काठाला । पैठण नगरी ।
नाथांची पायरी । वंदू आता ॥

छोट्या अभंगात दोनच चरण असतात, बहुधा आठ-आठ अक्षरांचे, अन् यमक शेवटी.